यादीत नाव, फडात माणूस

नेकनूरचं सरकारी वर्णन जरा गमतीचं आहे. तालुका बीड. आमदार मात्र केजचा, आणि केज अनुसूचित जातींसाठी राखीव. खासदार पुन्हा बीडचा. बालाघाटाच्या पठारावरचं, मांजरसुंब्याहून केज-अंबाजोगाईकडे निघालं की लागणारं हे बाजाराचं गाव. जनावरांचा बाजार आणि बंकटस्वामींचा मठ ही त्याची जुनी ओळख. मराठा, वंजारी, मुस्लिम, दलित, व्यापारी, शेतकरी, ऊसतोड मजूर अशी सगळी माणसं बाजाराच्या दिवशी एकाच रस्त्यावर दिसतात. बीड लोकसभा मतदारसंघाचा नमुना बघायचा तर इथं थांबावं.

खालचा संवाद कल्पित आहे. मामा आणि भाची ही माणसं मी उभी केली आहेत. निकाल आणि जनगणनेचे आकडे मात्र खरे आहेत. मामा निवृत्त शिक्षक. नोकरीत असताना मतदान केंद्रावर अधिकारी, निवृत्तीनंतर कधी या तर कधी त्या पक्षाचे बूथ एजंट. भाची छत्रपती संभाजीनगरला महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. दोघांची जात मी मुद्दाम सांगत नाही. बीडमध्ये ती सांगितली की माणूस काय बोलला हे कुणी ऐकत नाही.

मामा : तुला बीडचा मतदार समजून घ्यायचाय ना? एक कागद घे, मधोमध रेघ मार. डावीकडं मराठा, उजवीकडं वंजारी. खाली मुस्लिम, दलित, धनगर, माळी, लिंगायत, बंजारा. कोण कुणाकडं झुकला तेवढे बाण काढ. झाली तुझी पीएचडी.

भाची : आणि रकान्यांत आकडे कुठले भरू, मामा?

मामा : कुठले म्हंजे? सगळ्यांना माहीत आहेत.

भाची : सगळ्यांना वेगवेगळे माहीत आहेत. देशात सगळ्या जातींची मोजदाद करून आकडे छापले ते १९३१ साली. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. त्यात अनुसूचित जाती साडेतेरा टक्के, जमाती सव्वा टक्का, मुस्लिम बारा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या सत्तावीस जणांची नोंद आहे. उरलेल्यांत मराठा किती, वंजारी किती, हे एकाही सरकारी कागदावर नाही. २०११ ला जातींची वेगळी पाहणी झाली, तिचे आकडे बाहेर आलेच नाहीत. तुमच्या दोन मुख्य रकान्यांत जे भरलंय ते प्रत्येक पक्षाच्या कार्यालयात आपापल्या सोयीनं भरलंय.

मामा : कागदावर नाही म्हणून गावात नाही असं होतं का, पोरी? मी बूथवर बसतो. यादीतलं आडनाव वाचलं की मत कुठं पडणार ते मला कळतं. बहुतेक वेळा बरोबर निघतं.

भाची : आणि उरलेल्या वेळा?

मामा : त्या चुकतात. सगळंच कुणाला कळतं?

भाची : निकाल त्या चुकलेल्यांवरच लागतो. २०२४ ला २१ लाखांवर मतदार होते, पंधरा लाखांवर लोकांनी मतदान केलं. बजरंग सोनवणे ६,८३,९५० आणि पंकजा मुंडे ६,७७,३९७. फरक ६,५५३. तुमच्या कागदावर एवढी बारीक रेघ दिसते का?

मामा : आता तूच २०२४ काढलंस ते बरं केलंस. त्याच्या पाच वर्षं आधी हेच सोनवणे प्रीतमताईंच्या विरोधात उभे होते. १,६८,३६८ नं पडले. माणूस तोच, मतदारसंघ तोच, मुंड्यांचं घरही तेच. मधे झालं काय? १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला. उपोषणाला बसलेले जरांगे पाटील मूळचे मातोरीचे, शिरूर कासार तालुक्यातले, आपल्याच जिल्ह्याचे. ३० ऑक्टोबरला बीड आणि माजलगावात आमदारांची घरं पेटली. मे महिन्यात मतदान. एवढं सरळ असताना तुला अजून काय पुरावा पाहिजे?

भाची : तुम्ही माझाच मुद्दा मांडताय, मामा. या पाच वर्षांत जातींची संख्या बदलली का?

मामा : संख्या कशी बदलेल?

भाची : मग संख्येनं निकाल लागत असता तर तोही बदलला नसता. आणखी मागं जा. २०१४ च्या ऑक्टोबरात गोपीनाथराव मुंडेंच्या निधनानंतर पोटनिवडणूक झाली, प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी आल्या. तेव्हाही गावं हीच, आडनावं हीच. दहा वर्षांत मुंड्यांच्या घराची आघाडी जवळजवळ सात लाखांवरून साडेसहा हजारांच्या पिछाडीवर आली. ज्या गोष्टीनं एवढा फरक पडतो तिला तुम्ही ‘पक्कं गणित’ म्हणता?

मामा : ती सहानुभूतीची लाट होती. लाट मोजायची नसते.

भाची : ही पण लाटच होती की.

मामा : पिपाणी विसरलीस. सोनवण्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, त्याच्या शेजारी यंत्रावर एका अपक्षाची पिपाणी होती. तिला पन्नास हजारांवर मतं पडली. म्हाताऱ्या माणसांना फरक कळला नाही, असं सोनवण्यांची माणसं सांगत होती. ती मतं जाग्यावर पडली असती तर आघाडी पन्नास-साठ हजारांची झाली असती. मग तू लाटेलाही गणित म्हणाली असतीस!

इथं मामांनी भाचीला बरोबर पकडलं. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना झालेल्या निकालाची कारणं फार सुरेख सांगता येतात. पण भाचीही मागे हटणारी नव्हती. तिनं जुनी यादी बाहेर काढली, आणि ती यादी माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे.

भाची : मामा, १९५२ ला बीडचा पहिला खासदार कोण?

मामा : रामचंद्र गोविंद परांजपे. पीडीएफचे. म्हंजे कम्युनिस्टच, हैदराबाद संस्थानात पक्षावर बंदी होती म्हणून वेगळं नाव.

भाची : १९६७?

मामा : क्रांतिसिंह नाना पाटील. कम्युनिस्ट पक्ष. साताऱ्याचा माणूस, प्रतिसरकारवाला, आणि निवडून दिला बीडनं.

भाची : १९७७?

मामा : गंगाधर अप्पा बुरांडे. मार्क्सवादी. मोठी माणसं होती ती.

भाची : देशातल्या लोकांना बीड म्हटलं की जात आठवते. त्याच बीडनं पंचवीस वर्षांत तीनदा लाल बावट्याचा खासदार दिलाय. मग १९८०, १९८४ आणि १९९१ ला केशरबाई क्षीरसागर. तेली समाजाच्या. तुमच्या कागदावर तेली समाजाला रकाना तरी आहे का? १९८९ ला बबनराव ढाकणे, पाथर्डीचे, जिल्ह्याबाहेरचे. १९९६ ला भाजपच्या रजनी पाटील, आणि २०१४ च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडेंच्या विरोधात काँग्रेसचे उमेदवार कोण, तर त्यांचेच पती अशोकराव पाटील. हा मतदारसंघ एका रेघेत बसतो का?

मामा : तू नावं सांगितलीस, आता मी त्यांच्या मागचं सांगतो. कम्युनिस्टांच्या काळात जात नव्हती असं समजू नकोस. जमीन, कूळ, दुष्काळी कामावरची मजुरी, रोजगार हमी, यावर माणसं एकत्र यायची आणि त्यात जात झाकून जायची. केशरबाईंच्या मागं आख्खी काँग्रेस उभी होती, मराठा पुढाऱ्यांसकट. मुंडे साहेबांनी काय केलं? माळी, धनगर, वंजारी यांची मोट बांधली, ‘माधव’ म्हणायचे. पण लोकसभेला १९९८ आणि १९९९ ला उभं कुणाला केलं? जयसिंगराव गायकवाडांना, मराठा उमेदवार. दोन्ही रकाने एकाच पेटीत. २००४ ला गायकवाड राष्ट्रवादीत गेले आणि तिकडूनही निवडून आले. मग २००९ ला साहेब स्वतः उतरले. हे सगळं जातीचंच राजकारण होतं, पण जोडणारं. आत्ता जे चाललंय ते तोडणारं आहे. म्हणून तुला वाटतं की गणित बदललं. गणित तेच आहे, बेरजेच्या जागी वजाबाकी आली.

हे ऐकून भाची गप्प झाली, आणि मला वाटतं योग्य कारणानं. जात हा मतदाराचा स्वभाव आहे असं मामा सुरुवातीला म्हणत होते. आता ते सांगताहेत की ती पुढाऱ्यांची बांधणी आहे. भाचीचं म्हणणं यापेक्षा वेगळं नव्हतं.

मामांना मात्र त्याची जाणीव नव्हती. ते गडांकडे वळले. बीडच्या राजकारणावर बोलताना कुणीही शेवटी गडांकडे वळतोच.

मामा : १२ ऑक्टोबर २०२४ चा दसरा आठव. सावरगाव घाटाला भगवानभक्तिगडावर पंकजाताईंचा मेळावा, आणि नारायणगडावर जरांगे पाटलांचा. एकाच दिवशी. कोण कुठल्या गाडीत बसतंय ते अख्खा जिल्हा बघत होता.

भाची : आणि भगवानबाबा मूळचे कुठल्या गडाचे?

मामा : (थांबून) नारायणगडाचे. माणिकबाबांचे शिष्य. तिथून निघाले आणि मग धौम्यगड उभा केला, त्यालाच भगवानगड म्हणायला लागले.

भाची : आळंदीत शिकले कुणाजवळ?

मामा : आपल्या बंकटस्वामींजवळ. नेकनूरच्या.

भाची : म्हणजे दोन गडांचा धागा आपल्या गावच्या मठातून जातो.

मामा : वारीत जातो, माय. बूथवर जात नाही.

या उत्तराला माझ्याकडे तोड नाही. वारकरी परंपरेनं जात मोडली असं लिहिणाऱ्यांनी मामांच्या या वाक्याचा विचार करावा. मस्साजोगच्या सरपंचांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला. मस्साजोग केज तालुक्यातलं, म्हणजे नेकनूरच्याच विधानसभा मतदारसंघातलं. तिथंही खंडणी, गुन्हेगारी आणि पोलीस यांच्याआधी चर्चा मारणाऱ्यांच्या आणि मेलेल्याच्या जातीची सुरू झाली.

भाची : बरं, आता मी एक रकाना काढते, जो तुमच्या कागदावर नाही. बाया. २०११ ला सहा वर्षांच्या आतल्या मुलांत दर हजार मुलांमागे ८०७ मुली. राज्यात सर्वांत कमी. २००१ ला हा आकडा ८९४ होता, म्हणजे दहा वर्षांत सत्त्याऐंशीनं घसरला. ती लेकरं २०२९ च्या लोकसभेपर्यंत सगळी अठरा ओलांडतील. त्या वयाच्या मतदारांत शंभर पोरांमागे ऐंशीच पोरी असणार. हा आकडा कुठल्या जातीचा आहे?

मामा : सगळ्यांचा. ते सोनोग्राफीवाले डॉक्टर जात विचारत नव्हते.

भाची : आणि तरी या जिल्ह्यानं बाई खासदार किती वेळा दिली? केशरबाई तीनदा, रजनी पाटील एकदा, प्रीतम मुंडे दोनदा. सहा वेळा. केजमधून विमल मुंदडा सलग पाचदा आमदार, आता त्यांच्या सूनबाई नमिता मुंदडा.

मामा : मग! बाया निवडून देण्यात बीड कुणाच्या मागं नाही.

भाची : जन्माला घालण्यात आहे.

मामा : (बऱ्याच वेळानं) गावात पंचविशी-तिशीतली पोरं बघ. जमीन वाटत वाटत एकरावर आली, नोकरी नाही, लग्न जमत नाही. पोरगी द्यायला कुणी तयार नाही, आणि पोरी आहेतच कुठं? हीच पोरं मोर्चात पुढं असतात. मराठ्यांच्या बी आणि ओबीसींच्या बी. आरक्षण मिळालं की नोकरी, नोकरी लागली की बायको, असा त्यांचा हिशेब असतो. तुझा आकडा आणि माझी जात इथं एकाच गाडीत बसतात, हे मान्य.

आरक्षणावर हजारो लेख आले. त्यात गुणोत्तराचा हा आकडा किती लेखांत दिसतो, हे वाचकांनीच आठवून पाहावं. मामांचं म्हणणं कुणी मोजून सिद्ध केलेलं नाही, पण बाजाराच्या दिवशी नेकनूरला चहा प्यायला बसलेल्या कुणालाही ते नवीन वाटणार नाही. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ ला विधान परिषदेत आला. तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सांगितलं गेलं. त्या सगळ्या बाया मतदार आहेत. पक्षांच्या तक्त्यात त्या नवऱ्याच्या आडनावाखाली मोजल्या जातात.

बाकी विकासाचं बोलणं दोघांनी पटकन उरकलं. १९९५ ला मंजूर झालेली नगर-बीड-परळी रेल्वे बीडपर्यंत आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर तिच्यावर किती निवडणुका निघाल्या ते मामा बोटांवर मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं. पाण्याबद्दल एकच वाक्य झालं, की पाणी असतं तर कोयता लागला नसता. आणि कोयत्यावरून वाद खऱ्या ठिकाणी आला.

भाची : मामा, मेमध्ये मतदान करणारं नेकनूर आणि नोव्हेंबरात मतदान करणारं नेकनूर एकच का?

मामा : नाही. मेमध्ये पट्टा पडलेला असतो. टोळ्या परत आलेल्या, घरोघरी माणसं. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी लागते आणि तांडा, वस्ती, आर्धी गल्ली मोकळी. मागं राहतात म्हातारी आणि शाळेतली लेकरं. काही घरांत तर तीही नाहीत.

भाची : लोकसभेचं मतदान १३ मे २०२४ ला झालं. विधानसभेचं २० नोव्हेंबरला, आणि गाळप हंगाम सुरू झाला १५ नोव्हेंबरला. पाच दिवस आधी. लोकसभेला तुतारी, विधानसभेला जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा महायुतीला. केजला निकाल तीन हजारांच्या आत लागला. तेवढी माणसं आपल्या सर्कलमधूनच फडावर असतील.

मामा : सगळा निकाल फडावर ढकलू नकोस. लाडक्या बहिणीचे दीड हजार जुलैपासून सुरू झाले होते, ते विसरू नकोस. आणि मुकादम गाड्या करून माणसं मतदानाला आणतोसुद्धा. फक्त ज्यानं उचल दिली, ज्याच्या गाडीतून आलो, ज्याला दुसऱ्या दिवशी परत फडावर तोंड दाखवायचंय, तो कुठल्या बाजूचा आहे हे माणूस मशीनपुढं उभा राहिल्यावर विसरत नाही. जातीच्या आधी उचल. हे मी कुठल्या पक्षाच्या बैठकीत बोलत नाही, तुला सांगतोय.

भाची : म्हणजे तुमच्या कागदावर आणखी दोन रकाने झाले. बाया, आणि आता उचल.

मामा : कर की. पण आता तर सरकारच जात मोजणार आहे. ३० एप्रिल २०२५ ला निर्णय झालाय. आकडे येतील, मग कळेल रेघ कुठं आहे ती. तुझा पहिलाच आक्षेप संपला.

भाची : मोजणी कधी आहे ते बघितलंत का?

मामा : कधी?

भाची : फेब्रुवारी २०२७. मागची पण फेब्रुवारीतच होती, ९ ते २८ फेब्रुवारी २०११. जनगणनेत माणूस त्या दिवसांत जिथं राहतो तिथं मोजतात. मोजणीचे सगळे दिवस जो बाहेर असतो त्याला गावात धरत नाहीत. फेब्रुवारीत आपली माणसं कुठं असतात?

मामा : कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव.

भाची : मग २५ लाख ८५ हजार हा आकडा कुणाचा?

मामा : जे मागं राहिले त्यांचा.

मामांचं हे उत्तर मी पुन्हा तपासून पाहिलं, आणि जनगणनेच्या पद्धतीप्रमाणे ते खरं आहे. फडावरच्या कोपीत राहणारं कुटुंब, मोजलं गेलंच तर, कारखान्याच्या जिल्ह्यात मोजलं जातं. मतदार यादीत त्याचं नाव बीडमध्ये, लोकसंख्येत ते कोल्हापुरात. आणि हा घोळ केवळ अभ्यासकांचा उरत नाही. २०२३ च्या घटनादुरुस्तीनं लोकसभेतलं महिला आरक्षण पुढच्या जनगणनेनंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलं आहे. मतदारसंघ लोकसंख्येवर आखले जातात, मतदार यादीवर नाही. नेकनूर उद्या कुठल्या मतदारसंघात जाणार, बीडच्या वाट्याला किती आमदार येणार, हे ज्या मोजणीवर ठरेल ती लाखो बीडकर जिल्ह्याबाहेर असताना होणार आहे. स्वातंत्र्यानंतर जनगणनेत पहिल्यांदाच मोजल्या जाणाऱ्या सगळ्या जातींचं प्रमाणही त्याच मोजणीतून निघेल. जास्त संख्येनं कोयत्यावर जाणारे समाज बीडच्या तक्त्यात कमी दिसतील, आणि मग त्या आकड्यांवर पुन्हा पुढची वीस वर्षं भांडणं होतील.

मामांनी ठरवलंय की गावातल्या मुकादमांना बोलावून हे सांगायचं. भाचीला त्याचा फार उपयोग वाटत नाही. तिला वाटतं हे काम साखर कारखान्यांचं आणि त्या त्या तहसीलदारांचं आहे. मला दोघांचंही पटतं. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ज्यांच्या ओळखीत टोळ्या आहेत त्यांनी एवढं जरूर सांगावं : प्रगणक फडावर आला तर कोपीतलं प्रत्येक माणूस, लेकराबाळांसकट, मोजून घ्या, मूळ गाव विचारलं तर गाव, तालुका, जिल्हा बीड असं पूर्ण लिहून घ्यायला लावा, आणि प्रगणक आलाच नाही तर कारखान्याच्या गेटवर जाऊन तो का आला नाही, हे विचारा.